एक टक म्हणजे बरोबर

भांडण टेबलाचं होतं, उगाच मोठ्या गोष्टी कशाला सांगायच्या. सून नोकरीला बाहेर जायची तोवर जेवणाचं टेबल दिवसभर सासऱ्यांचं. पेपर, चष्मा, गोळ्यांचे डबे असा सगळा पसारा मांडून म्हातारा ऐटीत बसायचा. मग कंपनीने ऑफिसची जागाच सोडून दिली, म्हणाली, घरूनच काम करा. सून कागदांचे गठ्ठे घेऊन त्या टेबलावर बसली आणि म्हाताऱ्याची रवानगी खिडकीजवळच्या खुर्चीत झाली. त्या दिवसापासून दोघांत सरळ शब्द उरला नाही.

तिचं काम औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचं. हे काम जोडीने चालतं. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या नमुन्यावर नजर ठेवायची. वाचणारा तो खर्जबुवा. नाव आवाजावरून पडलेलं. त्याचं आणि हिचं फार पूर्वी पंख्याच्या वाऱ्यावरून वाजलं होतं, तेव्हापासून अबोला. पण कामाला बोलणं लागायचंच नाही. ओळ जुळली की ही पेन्सिल टेबलावर एकदा आपटायची. टक, चला पुढे. जुळली नाही की दोनदा, मग तो थांबायचा. एकमेकांचं तोंड न बघता दोघांनी अख्खी उमेदीची वर्षं अशी काढली.

आता खर्जबुवा फोनमधून वाचायचा आणि इकडे खुर्चीत म्हातारा काठी घेऊन बसलेला. चहा हवा, काठी फरशीवर आपट. खिडकी लाव, आपट. काही नको असलं तरी आपट. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा, आणि दुकानात निघून गेला. शहाणाच तो!

घरून काम करणाऱ्यांना रुळवायला कंपनीने एक बाई नेमली होती. गोड आवाजाची, बिनकामाची. ती म्हणे, टेबलावर एक छानशी कुंडी ठेवा, मधूनमधून दीर्घ श्वास घ्या. सुनेने स्पष्ट विचारलं, सासरे काठी आपटतात, त्याचं काय करू? बाई म्हणाली, घरच्यांशी मोकळा संवाद साधा. डोंबलाचा संवाद!

आणि व्हायचं तेच झालं. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. खर्जबुवाने वाचलं, अर्धा चमचा. नेमकी तेव्हाच ती मागे वळून सासऱ्यांकडे रागाने बघत होती. काठी वाजली, टक. तो पुढे गेला, तिने घाईने पुढची ओळ पकडली. नमुन्यावर दीड चमचा होतं, ते तसंच छपाईला गेलं. छापखान्यातल्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर कुणाचं तरी लेकरू जिवाला मुकलं असतं.

खर्जबुवाने साहेबांना सांगितलं, टक वाजलं, मी पुढे गेलो. खोटं नव्हतंच ते. ठरलं असं की उद्या साहेब स्वतः फोनवर ऐकतील, एक लेबल त्यांच्यासमोर तपासायचं. पुन्हा चुकलं तर घरी बसा. या नोकरीच्या जोरावर ती त्या घरात मान वर करून वावरत होती.

तिने सासऱ्यांना विचारलं, "मुद्दाम वाजवलीत?"

"वाजवली. तुझा तो माणूस माझ्या काठीवर पुढे जातो, हे मला कधीचंच कळलंय. नोकरी गेली तर माझं टेबल तरी सुटेल."

दुसऱ्या दिवशी फोन लावण्याआधी तिने त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि आपल्या मांडीवर आडवी ठेवली. म्हाताऱ्याने पकड घट्ट केली होती, पण जोर कुठे होता आता!

खर्जबुवाने वाचायला सुरुवात केली. तिने पेन्सिल आपटली. साहेब म्हणाले, नीट ऐकू येत नाही. तिने काठी उचलली आणि फरशीवर आपटली. टक. साहेब म्हणाले, हां, आता छान.

लेबल लांबलचक होतं. मध्येच मागून आवाज आला, "सूनबाई, मला उठायचंय."

टक.

"काठी दे. मला आत जायचंय."

तिला ऐकू आलं होतं. कशासाठी जायचंय तेही कळलं होतं. तिची नजर ओळीवरून हलली नाही. टक. एका ठिकाणी एक शून्य जास्त होतं, तिथे तिने दोनदा आपटली आणि खर्जबुवा थांबला. त्याने चूक लिहून घेतली, पुढे वाचलं. मागून पुन्हा हाक आली नाही.

शेवटची ओळ झाली. साहेब खूश. ती गोड आवाजाची बाईही फोनवर होती, म्हणाली, "बघा, किती छान जुळवून घेतलंत घरी."

तिने फोन ठेवला आणि वळली. म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला होता. खुर्चीखाली फरशी ओली झाली होती.

तिने काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, पण आपटली नाही. ती फडकं आणायला आत गेली.