जालन्याच्या बागेतली मुलगी

आमच्या वडिलांचा एक हट्ट होता. शहर आलं की तिथली बाग बघायचीच. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेटॅडोर चालवायचे. गावाकडं, पिशोरला, मेंढरांमागं फिरलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग आलेलं, त्यामुळं ऐट काही विचारू नका. त्या पावसाळ्यात नांदेडला माल पोचवायचा होता. साहेबांना विचारून त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं. नांदेडची बाग, परभणीची बाग, जालन्याची बाग, सगळं दाखवतो म्हणाले. खरं कारण आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, पण मी नऊ वर्षांची होते आणि त्या वयाच्या मुलीपासून घरातलं काही लपत नसतं. आईनं हसणं सोडलं होतं, आणि रडणंही.

आम्ही तिघं भावंडं. मधली बहीण आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली. तिला पिशोरला शेताच्या बांधाजवळ पुरलं. धाकटा भाऊ चार वर्षांचा, तो तिला अक्का म्हणायचा. त्याला मोठ्यांनी सांगून टाकलं की अक्का मामाच्या गावाला गेलीय. एकदा खोटं बोललं की ते निस्तरत बसावं लागतं. तो रोज विचारायचा, अक्का कधी येणार, आणि आई तोंड फिरवायची. तिचं नाव तेव्हापासून घरात कुणी घेतलं नव्हतं. मीही ते इथं लिहीत नाही.

निघताना आईनं बटव्यातून खंडोबाचा भंडारा काढला आणि आमच्या कपाळाला लावला. आधी मला, मग भावाला, आणि मग ते पिवळं बोट हवेत तसंच थांबलं. अक्का गेल्यापासून दर खेपेला ते असं थांबायचं. बोटासमोर कुणीतरी उभं आहे असं मला वाटायचं. मी घाबरायचे, आणि तरी जरा सरकून घ्यायचे, तिला जागा व्हावी म्हणून.

जाताना सगळं ठीक होतं. नांदेडला गोदावरी बघितली, बागेत भेळ खाल्ली. भाऊ प्रत्येक झोक्यापाशी जाऊन अक्काला शोधून आला. आम्ही तिथं होतो तेवढ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं मराठवाडा पेटला. परतीच्या वाटेवर गावाबाहेरच्या दलित वस्त्यांमधून धूर निघताना दिसायला लागला. आई म्हणाली, बघू नका, म्हणून आम्ही जास्तच बघितलं. एका जळक्या छपरापाशी बकरी बांधलेली होती आणि आसपास माणूस नव्हतं.

परभणीची बाग बंद होती. जालन्याला वडिलांनी मोती तलावाजवळच्या बागेपाशी गाडी उभी केली. लेकरांना शब्द दिलाय म्हणाले. आत चिटपाखरू नव्हतं. फक्त एक झोका हलत होता आणि त्याच्यावर पाठमोरी एक मुलगी बसली होती. उंची तेवढीच, खांदेही तसेच. भाऊ "अक्का" म्हणून धावत सुटला. आई जागच्या जागी खिळली.

मुलीनं मागं वळून बघितलं. अक्का नव्हती, कुणाची तरी दुसरीच होती. झाडाआडून तिची आई पुढं आली. त्यांची वस्ती रात्री पेटवून दिली होती, पळापळीत नवरा कुठं गेला ते कळलं नव्हतं, आणि एसट्या बंद होत्या. औरंगाबादला माझा भाऊ राहतो, तिथवर न्या, एवढंच ती म्हणाली. तिनं हात जोडले नाहीत. पुढं गाड्या अडवून माणसं खाली ओढतात, हे वडिलांनी सकाळीच ऐकलं होतं. त्यांची भीती काही खोटी नव्हती.

आईनं कुणाला विचारलं नाही. मागं रिकाम्या खोक्यांमध्ये बाईसाठी जागा केली आणि वरून टाकायला ताडपत्री काढली. लहान पोर ताडपत्रीखाली निपचित पडून राहणार नाही, म्हणून मुलीला आमच्यात पुढं बसवायचं ठरलं. मग आईनं बटवा उघडला.

"आमी हे सोडलंय, बाई," मुलीची आई म्हणाली.

आईचं बोट थांबलं. त्या बाईनं एकदा रस्त्याकडं बघितलं.

"लावा. आजच्या दिवस लावा."

करमाड यायच्या बरंच आधी रस्त्यावर बाभळी आडव्या टाकलेल्या दिसल्या. काठ्या घेतलेली माणसं गाडीभोवती आली. चारचौघांसारखीच माणसं होती, बाजारात भेटली असती तर आम्ही त्यांना काका म्हटलं असतं. त्यांनी गाव विचारलं, जात विचारली. वडिलांनी सांगितली. मग लेकरं किती, असं विचारलं. वडिलांच्या तोंडातून सवयीनं "दो..." एवढंच निघालं.

"तीन," आई म्हणाली.

एकानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि मुलीकडं बोट करून नाव विचारलं. तिचे ओठ थरथरायला लागले. तिनं तोंड उघडलं असतं तर तिचं खरं नाव बाहेर पडलं असतं. तेव्हा मी बोलले. वर्षभर घरात कुणी न घेतलेलं नाव मी त्या माणसाला सांगितलं. आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तशी तिची नजर मी नंतर कधीच बघितली नाही. मग तिनं मुलीला मांडीवर ओढलं.

"व्हय, तीच हाय."

माणूस बाजूला झाला. बाभळी ओढल्या गेल्या.

धोका टळला होता, पण आई तिला त्याच नावानं बोलवत राहिली. पाणी पी, वाऱ्याला बसू नको, भाकरी खा. एकदा तर हसली. भाऊ मुलीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून बसला होता. मला धड आनंद होईना, धड भीती जाईना. मुलगी आईच्या कुशीत झोपून गेली.

शहराच्या आधी चिकलठाणा लागतं. आमच्या घराकडं वळायचा रस्ता आला तशी आई म्हणाली, पोरगी झोपलीय, घरी चला. वडील म्हणाले, आधी त्यांना सोडू. आई पुन्हा म्हणाली, घरी चला. वडिलांनी गाडी कडेला घेतली. मागं ताडपत्री सरकली आणि बाई उठून बसली.

"तितं पडल्या पडल्या समदं ऐकलं मी," ती म्हणाली. "तुमचं लेकरू गेलंय, कळतंय मला. पन ही माझी हाय, बाई."

आईनं मुलीभोवतीचे हात सोडले नाहीत. मग त्या बाईनं लेकीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. मुलगी जागी झाली आणि सीटवरून चढून मागं आपल्या आईकडं गेली. आईचे हात मांडीवर तसेच राहिले.

दिवेलागणीला त्यांना त्या बाईच्या भावाच्या वस्तीपाशी सोडलं. बाई पदरानं पोरीचं कपाळ पुसत गेली. तिचं बरोबरच होतं. तरी ते आठवलं की मला आजही राग येतो, आणि त्या रागाची लाजही वाटते. पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, रस्ता रुंद झाला, शेंद्र्यापर्यंत कारखाने गेले. त्या दोघींचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. जालन्याच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तर मी अजूनही सरकून बसते.

त्या संध्याकाळी गाडी घराकडं वळली तेव्हा भाऊ खिडकीतून मागं बघत होता. अक्का कुठं चालली, असं त्यानं विचारलं. वडील मामाचं काहीतरी सांगायला लागले. आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"अक्का मेली, बाळा," ती म्हणाली. "ही तिच्या मायची व्हती."

भावानं पुन्हा एकदा खिडकीतून मागं बघितलं.

"मंग आता येनार नाय?"

"नाय," आई म्हणाली, आणि रडायला लागली.