पाण्यातला देव आणि कडेचा उमेदवार

वसुधाकाकूंचा बाळकृष्ण मी पहिल्यांदा पाहिला तो स्टीलच्या डब्यात, डोक्यापर्यंत पाण्यात बुडालेला. नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डोत काकू शेजारच्या घरात लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि मी विरजण मागायला गेले होते. ओट्यावर मायक्रोवेव्हला खेटून हा डबा. मला वाटलं, घासायच्या आधी पितळ भिजत घातलंय.

"घासायला काढलाय का, काकू?"

"छे गं! देव पाण्यात घातलाय. निवडणूक आहे ना."

"कुठली?"

"अमेरिकेची," काकू म्हणाल्या आणि विरजणाची वाटी माझ्या हातात ठेवली.

मी चक्रावलेच. काकू नाशिकच्या, राहतात कॅनडात, मत द्यायचा अधिकार ना इथे ना तिथे. मग देवाला कशाला वेठीला धरलंय? ते कळायला मला दोन-तीन चहा लागले. काकूंचा मुलगा निखिल अमेरिकेत, बफेलोत नोकरीला. आमच्यापासून गाडीने दोन तासांवर, मध्ये फक्त सरहद्दीवरचा एक पूल. पण त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज वर्षानुवर्षं रांगेत अडकलेला. व्हिसाचा शिक्का संपलेला, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. काकूंना तिकडचा व्हिसा नाकारलेला. वडील गेले तेव्हाही निखिल नाशिकला जाऊ शकला नव्हता. माय-लेकांची भेट म्हणजे फोनचा पडदा.

आणि अशात टीव्हीवरच्या एका वादविवादात, मंचाच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या एका उमेदवाराने म्हटलं, की रांगेत उभ्या असलेल्या या लोकांच्या आया म्हाताऱ्या होताहेत. बस. तेवढं एक वाक्य. पुढे त्याचा माइक दुसऱ्याकडे गेला. त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही, तिकडच्या लोकांनाही आठवत नाही. काकूंसाठी मात्र तो त्या क्षणापासून "आपला माणूस" झाला आणि बाळकृष्ण पाण्यात गेला.

चूक झाली ती इथेच. काकूंना वाटलं, निवडणूक म्हणजे आपल्याकडच्यासारखी: मतदान, मग मोजणी, गुलाल, संपलं. देव फार तर आठवडाभर पाण्यात राहील. पण ही पडली प्रायमरी, पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक! आज या राज्यात, पुढच्या आठवड्यात त्या राज्यात, कुठे मतपेटी, कुठे शाळेच्या हॉलमध्ये लोक जमून हात वर करणार. संपतच नाही मेली.

"एकाच पक्षाची माणसं एकमेकांविरुद्ध उभी? मग यातला बंडखोर कोण?" काकू विचारायच्या.

"कोणीच नाही, काकू. आधी आपसात लढतात."

"आणि याची निशाणी काय?"

"त्यांना वेगवेगळी निशाणी नसते."

"निशाणी नाही! मग लोक शिक्का कशावर मारणार? तरीच पडतोय बिचारा."

खरं सांगते, मलाही काही कळत नव्हतं. ऑफिसात मी मोठमोठ्या सिस्टिम्स चालवते, पण हे डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी, मतांवरून कसे वाटून देतात ते वाचून वाचून डोकं भंजाळलं. एका राज्यात आपला माणूस सहावा आला, तर काकूंनी पेढे केले. मिल्क पावडरचे, पण पेढेच. मी म्हटलं, "अहो, सहावा आलाय!" तर म्हणतात, "मागच्या वेळी सातवा होता. मोजणी व्हायची आहे अजून." हे त्यांचं पालुपद. विंटर टायर्स बसवले का विचारा, गुडघा दुखतोय का विचारा, उत्तर एकच: मोजणी व्हायची आहे अजून.

डब्यातलं पाणी त्या रोज सकाळी बदलायच्या. जानेवारीत आमच्या नळाचं पाणी म्हणजे बोटं झडतील असं. मी एकदा म्हटलं, जरा कोमट तरी घ्या. काकू माझ्यावरच उखडल्या. "कोमट? त्याला काय स्पा लावलाय? गार लागलं पाहिजे त्याला, तर तो हात-पाय हलवेल!" आणि स्वतःची लाल झालेली बोटं पदरात गुंडाळून बसल्या. त्यांची लेक मनाली वैतागायची. "आई, प्लीज! इट्स जस्ट अ प्रायमरी. आणि तो डबा पास्त्याचा आहे." काकू तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

मग एके दिवशी आपल्या माणसाने माघार घेतली. बायको शेजारी, डोळे ओले, सगळ्यांचे आभार. मी म्हटलं, चला, सुटला बिचारा बाळकृष्ण. पण पुढच्या राज्यांत मतपत्रिका आधीच छापून झालेल्या, त्यांवर याचं नाव तसंच. आणि लोकांनी, का कोण जाणे, त्याला मतंही दिली! काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "उभा नाहीये, तरी मतं पडताहेत. मग मी देव बाहेर कसा काढू, सांग."  

मे महिन्यात निखिलनेच सुचवलं, नायगाऱ्याला येऊ या. तो त्याच्या काठावर, काकू आपल्या काठावर. मी गाडी काढली. डबा झाकण लावून काकूंच्या मांडीवर. कठड्यापाशी पोचलो तर तुषारांनी चष्मे ओले, फोनवर नुसती घरघर. "आई, लाल जॅकेट! हात हलवतोय बघ!" अहो, पण तिकडे झाडून सगळे हात हलवत होते, आणि लाल जॅकेटं तर ढिगाने. काकूंनी त्यांतला एक निवडला आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिल्या. त्यानेही हलवला. मग त्या माणसाने एक पोर खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला. फोनमधून निखिल ओरडतच होता, "मी इथेच आहे, आई!"

परतताना काकूंनी ओला चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तो नव्हता ना गं?"

"नसावा, काकू."

"असू दे. हात तर हलवला ना त्याने." आणि झाकण उघडून देव नीट आहे ना ते पाहिलं. मला इतकं रडू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच, कोणालाही त्रास न देता. निखिलने आईचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. मनालीने पुढे दुसऱ्या शहरात, ग्वेल्फला नोकरी धरली, आणि सामान बांधताना डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "ताई, आय डोन्ट नो व्हॉट टू डू विथ धिस." मला तरी कुठे ठाऊक होतं? पण घेतला. रोज पाणी बदलू लागले. गारच.

आणि मागच्या महिन्यात निखिलचं ग्रीन कार्ड आलं. कोणी उमेदवार नाही, कोणाची कृपा नाही. रांग सरकत सरकत त्याच्यापर्यंत आली, एवढंच. तो लगेच पूल ओलांडून आला. आधी चुकून शेजारची बेल वाजवली; तिथे आता दुसरेच लोक राहतात. मग माझ्याकडे आला. उंच, केस पिकू लागलेला, दारात बूट काढून अवघडून उभा.

"ताई, आई नक्की काय मागत होती?"

"तू दारात यावंस. एवढंच."

तो ओट्यापाशी गेला. मला कळेना, आता नवस फिटला म्हणायचा की नाही, देव बाहेर काढायचा की नाही. टॉवेल घेऊन मी नुसतीच उभी. निखिलने डब्यात हात घातला, बाळकृष्ण मुठीत धरला, आणि हात तसाच पाण्यात ठेवला.

"केवढं गार आहे हे," तो म्हणाला. "रोज हात घालायची यात?"

"रोज."

त्याने हात बाहेर काढला नाही.