कामथडीच्या शेडमधले गुरुवार

गुरुवारी दुपारी मी भोरला घरी पोचते तेव्हा माझा नवरा जेवायचा थांबलेला असतो. ताटावर बसलं की तो एवढंच विचारतो, “आज काय झालं?” सुरुवातीला मी म्हणायचे, काही नाही, नेहमीचंच. मग आमटी वाढता वाढता एक गोष्ट निघायची, तिच्या मागून दुसरी. सहा वर्षं झाली याला. मी काही लिहून ठेवलेलं नाही, पण किस्से घरात साठत गेले. आता पाहुणे आले की नवराच म्हणतो, “ती शटरची गोष्ट सांग ना यांना.” म्हटलं, एकदा ओळीनं सांगून टाकाव्यात.

मी संगीत शिकवते. दर गुरुवारी दहा ते बारा कामथडीला तात्यांच्या शेडमध्ये आठ-दहा मुलं जमतात. सगळी घरीच शिकणारी. तात्या तिथलेच शेतकरी, पूर्वी शेडमध्ये कांदा ठेवायचे. अजून पावसाळ्यात वास येतो. मुलांमध्ये कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणाला सगळं येतं. सगळ्यांनी एकाच गोलात बसायचं, एवढा एक नियम मी केला होता. तोही टिकला नाही.

* * *

पहिल्या गुरुवारी दोनच कुटुंबं आली. एक मुग्धा आणि केदार. पुण्यातली नोकरी सोडून वेल्ह्याकडे शेती घेऊन राहिलेले. मुलगा निहार, तेव्हा सात वर्षांचा. दुसऱ्या भोरच्या शबानाताई. त्यांच्या यजमानांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांची सायरा आठ वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

मुग्धा फार आपुलकीनं बोलत होती. शाळेत मुलांची कशी घुसमट होते, आपण धीर करून बाहेर कसे पडलो, घरी शिकण्यात किती मोकळीक आहे, असं सगळं सांगून तिनं विचारलं, की तुम्ही हा निर्णय कधी घेतलात?

शबानाताई सायराच्या वेणीची रिबीन बांधत होत्या. ती नीट बांधून झाल्यावर म्हणाल्या, “ताई, तुमी शाळा सोडली. आमाला शाळेनं सोडलं.”

पुढच्या गुरुवारी मुग्धा एक वही घेऊन आली. पानापानावर चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात शब्द. तेव्हापासून सोमवारी सायरा आणि निहार एकत्र वाचायला बसतात.

* * *

आता शटरची गोष्ट.

सायराच्या कानात मशीन आहे, पण त्यातून तिला नुसता गोंगाट येतो. मी विचार केला, तिला माझ्यासमोर बसवू, म्हणजे माझे ओठ दिसतील, हात दिसतील. पहिले दोन महिने मी तिला समोर बसवायचे आणि दहा मिनिटांत ती उठून मागं जायची. मी पुन्हा हात धरून आणायचे. एकदा मी जरा जोरातच आणलं, तर तिनं माझ्या हाताला चावा घेतला. शबानाताई रडकुंडीला आल्या. आता परत आणत नाही म्हणाल्या.

तरी पुढच्या गुरुवारी त्या तिला घेऊन आल्या, आणि या वेळी मी तिला अडवलं नाही. ती सरळ मागच्या लोखंडी शटरपाशी गेली आणि पाठ टेकून बसली. मी ढोलकी वाजवत होते. ती मान हलवत होती, आणि तालात हलवत होती. मी लय बदलली, तिनंही बदलली. मग मी ढोलकी निहारकडे दिली आणि तिच्याशेजारी शटरला पाठ लावून बसले. प्रत्येक थाप पाठीच्या कण्यातून वर चढत होती.

म्हणजे दोन महिने मी त्या पोरीला तिच्या ढोलकीपासून उठवून आणत होते.

त्या दिवशी गोल मोडला. तेव्हापासून सगळीच मुलं शटरला टेकून एका ओळीत बसायला लागली, आणि मी समोर एकटी.

* * *

तनू किकवीची. आली तेव्हा दहा वर्षांची होती. आई-वडील दोघंही कामाला जातात, म्हणून आजी तिला एसटीनं घेऊन येते. तनू बोलते कमी, आणि मोठा आवाज तिला सहन होत नाही. कुकरच्या शिट्टीला ती पलंगाखाली जाते, असं आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला हे माहीत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ती माझी चूक.

जवळच्या गावात एक हलगी वाजवणारे बाबा आहेत. साठीच्या पुढचे, पण हात असा की ऐकत राहावं. मुलांना ऐकवायला मी त्यांना बोलावलं. पत्र्याची शेड, आत हलगी. बाबांनी पहिली काडी मारली आणि मुलं उड्या मारायला लागली. मीही त्यांच्यात नाचत होते. पाच-सात मिनिटांनी आजीची हाक आली. “माझी तनू कुठं हाय?”

शेडपासून हायवे दोन शेतं लांब आहे. आम्ही सगळे धावत सुटलो. तात्या सर्व्हिस रोडकडे गेले, केदार विहिरीकडे. मी नुसती बांधाबांधानं “तनू, तनू” ओरडत होते. तेवढ्यात शबानाताईंच्या लक्षात आलं, की सायराही नाही. त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला. हाक मारून तरी काय उपयोग होता?

अर्ध्या तासानं केदारला दोघी सापडल्या. विहिरीमागं जनावरांचा जुना कोरडा हौद आहे, त्यात. तनू कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिनं कान दाबले होते आणि तिच्या हातांवरून सायरानं आपले हात दाबून धरले होते. आम्ही सगळे हलगीकडे बघत होतो तेव्हा सायरानं तिला जाताना पाहिलं होतं आणि ती मागोमाग गेली होती. आमच्या हाका जवळ आल्या की तनू आणखी कोपऱ्यात सरकत होती.

पुढच्या गुरुवारी तनू येईल असं वाटत नव्हतं, पण ती आली. मी तिच्यासमोर बसून माफी मागितली. म्हटलं, हलगी परत कधीच आणणार नाही. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, “हलगी वाईट न्हाई. जवळ वाईट हाय.”

मी बाबांना पुन्हा बोलावलं. तनूनं हायवेच्या उलट्या बाजूला त्यांच्यापुढं चालत जाऊन जागा दाखवली. एक शेत झालं, ती थांबेना. दुसरं झालं. पलीकडच्या बाभळीखाली तिनं पायानं रेघ ओढली आणि परत येऊन शेडच्या पायरीवर बसली. बाबांनी लांबून वाजवलं. तनू मांडीवर बोटांनी ठेका धरून बसली होती, कान उघडे ठेवून.

जाताना बाबा मला म्हणाले, की आजवर सगळ्यांनी मला मोठ्यानं वाजव म्हणून सांगितलं; कुठं उभं राहायचं ते या पोरीनं पहिल्यांदा सांगितलं.

* * *

केदार मनानं चांगला माणूस. हिशोबी डोक्याचा आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचा आलेख हवा असतो. एका गुरुवारी त्यानं पालकांसमोर विचारलं, की मुलांची प्रगती आपण मोजतो कशी? काही तक्ता, काही नोंद? मी सूर, ताल, एकाग्रता असं काहीतरी पुटपुटत राहिले.

तनूची आजी भिंतीशी बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “आदी दारात बसायची. आता आत बसती. मोजा की, चार पावलं हायेत.”

केदारनं खरंच दारापासून तनूपर्यंत पाहिलं. मग हातातली वही मिटली.

* * *

शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंद करायला एकदा एक गुरुजी आले. तरुण होते, उन्हातान्हात फिरून दमलेले. तात्यांनी पाणी दिलं, चहा दिला. त्यांनी खिशातून फॉर्म काढला आणि एकेकाचं नाव लिहायला सुरुवात केली. नाव, वय, गाव, आणि शेवटी शाळेत न जाण्याचं कारण.

सायराच्या कारणापाशी ते अडले. शबानाताईंना म्हणाले, काय लिहू?

शबानाताई म्हणाल्या, “ती पाच वर्साची असताना शाळेतनं चिठ्ठी आलती. ‘मुलगी ऐकत नाही.’ म्या तिला लई मारलं त्या दिवशी. कानाचं आमाला नंतर कळलं. तेच लिवा, गुरुजी. मुलगी ऐकत न्हाई.”

गुरुजींनी पेनचं टोपण लावलं. तो रकाना कोराच राहिला. बारा वाजेपर्यंत ते शटरला टेकून मुलांच्या ओळीत बसून होते.

* * *

गणेश आमच्यात सगळ्यांत मोठा, सोळा वर्षांचा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाचं गाव. त्याला स्नायूंचा आजार आहे, वर्षागणिक ताकद कमी होत जाणारा. बोलणं मात्र खणखणीत, आणि डोकं आम्हा सगळ्यांच्या पुढं. आला तेव्हा तो ढोलकी वाजवायचा. वर्षभरात हात उचलेना, तेव्हा मी त्याला डफ दिला, मांडीवर ठेवून बोटांनी वाजवायला. मग डफ जड झाला, तेव्हा खंजिरी. खंजिरी पडायला लागली, तेव्हा मनगटाला घुंगरू बांधले.

प्रत्येक वेळी मी हसत हसत, हे बघ नवीन काय आणलंय, अशा आवाजात ते त्याच्या हातात द्यायचे. गेल्या उन्हाळ्यात घुंगरू बांधताना त्यानं शांतपणे विचारलं, “ताई, याच्यापेक्षा हलकं काय असतं?”

मी गाठ सोडून पुन्हा बांधली.

दोन गुरुवार गेले. मग तोच म्हणाला, की मी विचार केलाय. सगळ्यांना वाजवायचं काम आहे, थांबवायचं काम कुणाकडेच नाही. ते मला द्या. मी डोळे मिटले की सगळ्यांनी थांबायचं. उघडले की पुन्हा सुरू. मी त्याला माझ्याशेजारी, मुलांकडे तोंड करून बसवलं.

इतक्या वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते त्या दिवसापासून झालं. दहा मुलं एका क्षणी थांबायला लागली. सायरा तर सगळ्यांच्या आधी.

* * *

मारुतीदादा म्हणजे गणेशचे वडील. त्यांचा दुधाचा टेम्पो आहे. सकाळचं दूध घालून झालं की ते गणेशला घेऊन येत, उचलून आत बसवत, आणि बारा वाजेपर्यंत बाहेर टेम्पोत शेडकडे पाठ करून बसून राहत. आत या म्हटलं की ठरलेलं उत्तर. “सोडायचं न् न्यायचं, एवढं आमचं काम. गाणं आमाला जमत न्हाई.” त्यांना कुणी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

यंदा थंडीत गणेशच्या छातीत कफ झाला. महिनाभर दवाखाना, मग तीन आठवडे घरी अंथरुणात. तेवढे दिवस आमची गाणी नीट थांबलीच नाहीत. मी निहारला म्हटलं, तू डोळे मिट. तो नाही म्हणाला. ते गणेशचं काम आहे म्हणाला.

आठव्या गुरुवारी शेडच्या दाराशी टेम्पो उलटा येऊन लागला. मारुतीदादांनी मागचा फाळका पाडला. आत गादी घातली होती, गणेश निम्म्यानं वाळला होता. त्याला स्वतःहून बसता येत नव्हतं, म्हणून मारुतीदादा त्याच्या मागं बसले आणि त्याला आपल्या छातीशी टेकवून धरलं. पोराचं तोंड आमच्याकडे, बापाचं तोंड पोराच्या डोक्यामागं.

आमची हजेरी गाण्यातून होते. एकेकाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, तनू आली, तनू आली. निहार आला, निहार आला. सायरा आली. कुणीही ठरवलं नव्हतं, पण मुलांनी गणेशचं नाव शेवटी ठेवलं. मग सगळी शेड म्हणायला लागली, “गणेश आला, गणेश आला.” तात्यासुद्धा दारातून म्हणत होते.

दुसऱ्या फेरीला गणेशनं डोळे मिटले.

सगळे एका क्षणी थांबले. ढोलकी थांबली, टाळ्या थांबल्या.

एक आवाज राहिला. बारीक, घोगरा, सुराला सोडून. मागं बसलेल्या माणसाला पोराचे डोळे दिसत नव्हते. मान खाली घालून, पोराच्या केसांत तोंड धरून मारुतीदादा म्हणत होते, “गणेश आला… गणेश आला…”

मी गणेशकडे पाहिलं. त्यानं एक डोळा किंचित उघडून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा घट्ट मिटून घेतला.