सुई की पातं

माझ्या पोरीचं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात दर आठवड्याला प्लास्टर घालणारे डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, तिच्या पायाशीच बोलतात. “टाचबाई, उतरता का खाली?”

टाच उतरली नाही, म्हणून आज तिला वर ओढून धरणारी, टाचेमागची जाड शीर कापायची होती. ट्रेमध्ये बारीक पातं होतं आणि जाड सुई. डॉक्टर एक उचलत, ठेवत, दुसरं उचलत.

“काऊन थांबले, साहेब?” मी कसंबसं विचारलं.

ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. “पात्यानं शीर नक्की तुटते, ताई, पण बाजूच्या रक्ताच्या नसेले लागू शकते. सुईनं घाव लहान, पण शीर अर्धी राह्याची भीती.”

टाच बधिर करून त्यांनी सुई घेतली. पोरगी तरी किंचाळली. त्यांनी ढकलताच पाऊल वर वळलं.

“तुटली ना?”

“तुटली,” ते म्हणाले, पण टाचेमागं शीर चाचपणारा अंगठा काही उचलेनात.