धुतलेलं जाकीट आणि धाकटं कोकरू

कोकराच्या कण्यावर नुसतं बोट फिरवून ते पुढं कसं भरेल हे सांगणारा आमच्या फलटण भागात माझ्यासारखा दुसरा नव्हता. अमेरिकेत पहिल्याच कोकराला हात लावला आणि त्याच्या सख्ख्या आईनं त्याला उडवून लावलं.

दोन हजार पाच साली मी पोराकडं तिकडच्या बॉथेल गावाला गेलो होतो. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळं त्या गालिच्याच्या घरात करमेना. पोराच्या ऑफिसात केनियाचा एकजण होता. त्याचा बाप गावाबाहेर मेंढरं राखायचा, अगदी आपल्या मुलखातल्यासारखी. एका शनिवारी पोरगा मला तिकडं घेऊन गेला.

म्हातारा माझ्याच वयाचा. पोरगा मधे उभा राहून त्याचं इंग्रजी मला आणि माझं मराठी त्याला सांगत होता. एक मेंढी सकाळीच व्याली होती, जुळी. याआधी तिचं एकही कोकरू जगलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, यंदा दोन्ही जगली तर ही ठेवायची, हिच्यावरच कळप वाढवायचा. नाहीतर खाटीक.

धाकटं कोकरू थरथरत होतं. बारीक पाऊस चालूच. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते उचललं, जाकिटात घेतलं, चोळून चोळून गरम केलं आणि आईपुढं ठेवलं. तिनं हुंगलं आणि डोक्यानं असं ढकललं की ते कुंपणाला आपटलं. परत ठेवलं, परत तेच.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी काय करतोय? मेंढीच येडी आहे."

म्हाताऱ्यानं माझी बाही नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. तेव्हा उजेड पडला. गावाकडं माझ्या घोंगडीलाच मेंढराचा वास. इथं सुनेनं जाकीट वासाच्या पावडरीत धुऊन ड्रायरमधून काढलेलं, वर मी पाहुणा म्हणून साबणानं अंग घासून, डोक्याला चमेलीचं तेल चोपडून आलेलो. कोकरू नवरदेवासारखं घमघमत होतं. कुठली आई ओळखेल?

म्हाताऱ्यानं दोन्ही कोकरं एकमेकांवर घासली, मेंढीचा चीक पिळून धाकट्याच्या पाठीला, शेपटीला चोळला, आणि मेंढीला कोपऱ्यात दाबून धरलं. कोकरू आता ओरडतही नव्हतं. चीक पोटात गेला नाही तर ते संपलं, आणि त्याच्यामागं आईही खाटकाकडं जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"दगावलं तर काय तोंड दाखवायचं रे यांना?" मी पोराला विचारलं.

"आधी ते तेल धुवा."

मेंढीनं धाकट्याच्या शेपटीखाली हुंगलं. थांबली. परत हुंगलं, आणि या खेपेला ढकललं नाही. धाकट्यानं धडपडत सड धरला आणि त्याची शेपटी हलायला लागली. माझ्या जिवात जीव आला. जरा कण्यावर बोट फिरवून बघावं म्हणून मी पुढं सरकलो, तसा म्हाताऱ्यानं हात आडवा घातला आणि माझ्या पोराला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुझ्या बापाला गाडीत बसव."