चूलबंद मावशी

चूलबंद मावशी या क्षणी कोणाच्या दारात उभी आहे, हे मला स्वयंपाकघरात बसून कळायचं. तेलुगू ऐकू आलं की पहिलं घर, बंगाली आलं की पिंपळाजवळचं, गोंडी आलं की हातपंपासमोरचं. आणि झाडी बोलीतली दणदणीत हाक आली, की समजायचं आता माझी पाळी.

गडचिरोलीच्या कडेला, चामोर्शी रस्त्यावर आमची कॉलनी आहे. धानाच्या बांध्या मोडून प्लॉट पडले आणि जो आला तो आपली भाषा घेऊन आला. सिरोंच्याचे तेलुगू, मुलचेऱ्याकडचे बंगाली, कोरचीचे छत्तीसगडी, धानोऱ्याचे गोंड, आणि जवळच्या सावली गावाहून आलेली मी, मराठीची शिक्षिका. बाजारात, बँकेत सगळे मराठी बोलायचे. दार लोटलं की आपापलं. त्या लोटलेल्या दारांच्या आत मावशीशिवाय कोणाला फारसा प्रवेश नव्हता.

मावशी स्वतः गोंड. तेलुगू ती तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर शिकली, बंगाली त्यांच्या बांध्यांत धान रोवता रोवता आणि छत्तीसगडी शेजारणीशी भांडून. शाळेची पायरी काही चढली नव्हती. मी एकदा कौतुकानं विचारलं, एवढ्या भाषा डोक्यात राहतात कशा? ती म्हणाली, "डोस्क्यात कायले ठेवू बाई? ज्याची त्याच्या दारात ठेवली हाये. गेली का उचलतो."

तिचं काम आवतनाचं. आमच्याकडे छापील पत्रिका कितीही भारी असो, कोणी दारात येऊन "चूलबंद आवतन" म्हटल्याशिवाय अख्खं घर जेवायला जात नाही. चूलबंद म्हणजे आज घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. नुसता निरोप आला तर रीत म्हणून घरातला एक पुरुष जाऊन येतो. मावशी पदरात हळदीचे तांदूळ घेऊन निघायची आणि प्रत्येक उंबऱ्यावर चार दाणे ठेवून त्या घराच्या भाषेत चूल बंद करायला सांगायची. अर्धा दिवस जायचा. कारण आवतन दोन वाक्यांचं असलं, तरी दारात सुनेचं माहेरपण, म्हाताऱ्याचा दमा, मुलाची नोकरी असं सगळं निघायचं, आणि इकडचं तिकडे तिच्याबरोबर फिरायचं.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याही पुण्याचे होते. मुलगी म्हणाली, "आई, कॉलनीच्या ग्रुपवर कार्ड टाकलं की झालं." मलाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. व्याह्यांसमोर मावशीचं ते अनवाणी फिरणं, ते पाच भाषांतलं ओरडणं नको वाटत होतं. मनात म्हटलं, सगळ्यांना मराठी येतेच की. मावशी आपणहून आवतनाचे तांदूळ मागायला आली तेव्हा मी फाटकातच गोड आवाजात सांगितलं, "या वेळी तुम्ही त्रास घेऊ नका, मावशी."

"बरं बाई," म्हणाली आणि गेली.

लग्नाला कॉलनीतून घरटी एकेक पुरुष आला. पाकीट दिलं, जेवला, गेला. बायका नाहीत, लेकरं नाहीत. मांडवात पंगतीच्या पंगती रिकाम्या. मी याच मुलखातली, सावलीची; मला हे ठाऊक नव्हतं म्हणायला तोंड नाही. ठाऊक होतं; शिकलेल्या माणसांना ते लागू नाही, असं मला वाटलं होतं.

मावशीही दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्याकडे गेले आणि जरा रागानंच विचारलं, "मावशी, तुम्ही काऊन नाही आल्या?"

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "काल मी भात रांधला बाई. मले कोणी चूल बंद ठेव म्हटलंच नाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी तिला आवतन सांगायला नको म्हटलं, आणि तिला स्वतःला आवतन द्यायचंच विसरले. तिच्याकडे फोन नव्हता, ग्रुप नव्हता. मी रडायला लागले तर तीच माझ्या हातातला डबा घेऊन म्हणाली, "अन्नावर कायचा राग? ठेव इथी."

पुढे कॉलनीत सगळेच कार्ड टाकू लागले. मॅडमनी केलं म्हणजे ते बरोबरच, असा माझा मान होता. मावशी ओट्यावर बसलेली दिसायची. वर्षभरात मुलगा येऊन तिला नागभीडला घेऊन गेला.

मागच्या पावसाळ्यानंतर प्रशिक्षणासाठी नागभीडला गेले, तेव्हा तिला भेटले. फार वाळली होती. "इथी सप्पा मराठीच बोलतेत," ती म्हणाली. "तोंडाले गंज चढून राह्यला." मग एकेका घराचं विचारू लागली. तेलुगू आजीचा गुडघा? धानोऱ्यावाल्याचा पोरगा परत आला? मी प्रत्येकाला "बरं आहे" म्हणत होते. मला काहीच माहीत नव्हतं.

"अन् बंगाल्याची मिनोती? मी निघाली तवा पोटुशी होती. काय झालं तिले?"

"मुलगी," मी म्हणाले. एवढंही माहीत नाही, असं सांगायची लाज वाटली.

"बापा!" म्हणून तिनं दोन्ही हात जोडले. उठून पेटीतून झबलं काढलं. आपल्या जुन्या लुगड्याचं, हातानं शिवलेलं. "तूच देजो, बाई. कोणाच्या हाती धाडू नोको."

ते झबलं माझ्या कपाटात राहिलं. आज देऊ, उद्या देऊ. महिन्याभरानं मावशीच्या मुलाचा फोन आला. ती गेली होती. "शेवटपर्यंत सांगत होती, मिनोतीले पोरगी झाली म्हणून," तो म्हणाला. मी फोन ठेवला, बहुतेक घरांतले पुरुषच असलेल्या त्या ग्रुपवर दोन ओळी आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

आठ दिवसांनी झबलं घेऊन मिनोतीच्या दारात गेले. माझ्यापासून पाचवं घर. तिनं ते हातात घेतलं, टाके पाहिले आणि लगेच ओळखलं.

"मावशीनं दिलं?" ती म्हणाली. मग एका बोटानं झबल्याची बाही सरळ केली. "बाळ राहिलं नाही, दीदी. सातव्या महिन्यातच गेलं. कोणाला सांगणार? कोणी आलंच नाही."

तिनं झबल्याची घडी घातली, पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"मावशीला सांगू नका, दीदी. तिला सहन नाही होणार."