कोळशाचा आकडा भिंतीवर होता

डोकं फिरलंय, मित्रांनो, म्हणून लिहून राह्यलो.

जालन्यातल्या आमच्या कारखान्याचं लोखंड युरोपात जातं. तिथं आता कार्बनचा कर आहे, म्हणून भट्टीत किती कोळसा जळला ते दाखवावं लागतं. भट्टीवाले सलीमचाचा वर्षभर तो आकडा रोज खडूनं भिंतीवर लिहायचे. या कराचे कागद मी भरतो, म्हणून मी आकड्यांसाठी वही मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "भिंत आहे ना."

आज तपासणीवाले आले. मॅनेजरनं कालच त्या भिंतीला पांढरा रंग मारून घेतला होता. म्हणे, पाहुण्यांना घाण दिसते.

सलीमचाचा म्हणाले, "पुसायच्या आधी एकदा विचारायचं तरी."

मंग मॅनेजर मलाच म्हणतो, "फॉर्मात अंदाजे आकडे भर, सही कर."

मी सही केली न्हाई. उद्या नोकरी राहील का, माहीत न्हाई. तुम्ही केली असती?